फाटलेलं चित्र खरं बोलतं

"चित्र दिसतंय ना? मग झालं तर."

जुने आर्केड गेम, त्यांचे मूळ मॉनिटर आणि आजचे संगणक यांची सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींत हे वाक्य शेवटचा निकाल म्हणून वापरतात. मला या वाक्याशी भांडायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: संगणक आणि आर्केड मॉनिटर यांचं सिंक जुळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा गडबड संगणकाकडून आलेली असते आणि शिक्षा मॉनिटरला होते. हा प्रश्न केवळ वायरींचा असता तर मी दोन ओळींत आटोपलं असतं. पण त्यामागे एक वृत्ती आहे. जुन्या वस्तूनं नव्याच्या सोयीनं वागावं, आणि नाही वागली तर तिला नादुरुस्त ठरवावं, ही ती वृत्ती. तिच्यामुळे आपण खेळ जपतो असं म्हणत खेळच बदलून टाकतो आहोत.

ज्यांनी हा उद्योग कधी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं मुळापासून. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळ ओढतो, परत डावीकडे येतो, पुढची ओळ ओढतो. सगळ्या ओळी संपल्या की पुन्हा वर जातो. हे सगळं कधी करायचं ते त्याला दोन इशारे सांगतात. एक, 'ओळ संपली, मागे ये.' दुसरा, 'पान संपलं, वर जा.' पहिला होरिझाँटल सिंक, दुसरा व्हर्टिकल सिंक. साधा आर्केड मॉनिटर पहिला इशारा सेकंदाला साधारण १५,७०० वेळा अपेक्षितो. याच्या जवळपासचं काहीही तो चालवून घेतो. दुप्पट मात्र चालवून घेत नाही, कारण त्याची झोत वळवणारी सर्किटं त्याच वेगासाठी बांधलेली असतात.

संगणक नेमकं दुप्पट देतो. १९८७ साली आयबीएमनं व्हीजीए आणलं. त्यात ६४० बाय ४८० चं चित्र सेकंदाला ३१,४६९ ओळींच्या वेगानं निघतं. पुढं संगणकाचे मॉनिटर त्याहून वेगवान होत गेले आणि पंधरा किलोहर्ट्झ ही जुन्या पिढीची बोली ठरली. गंमत म्हणजे संगणकाला ती बोली येत होती. १९८१ मधलं आयबीएमचं सीजीए कार्ड १५.७ किलोहर्ट्झवरच चालायचं. म्हणजे आर्केड मॉनिटर हा कुणी परका प्राणी नव्हे. संगणक आपली मातृभाषा विसरला आणि आता घरातल्या म्हाताऱ्याला म्हणतोय, की तुम्हांला नीट बोलता येत नाही.

माझ्याकडे असा एक वीस इंची मॉनिटर आहे. उपनगरातलं एक व्हिडिओ गेम पार्लर बंद पडलं तेव्हा भंगारात निघालेल्या कॅबिनेटमधून तो वाचला. तो बघायला येणारे हौशी लोक एक प्रयोग हमखास सुचवतात: लॅपटॉपची व्हीजीए वायर जोडायची आणि मागचा होल्डचा प्रीसेट स्क्रूड्रायव्हरनं फिरवत राहायचं, चित्र स्थिर होईपर्यंत. मी कुणालाही तो स्क्रू फिरवू देत नाही. एकतीस किलोहर्ट्झचा सिग्नल पंधराच्या मॉनिटरला दिला, की पडद्यावर एकाच चित्राच्या दोन अरुंद आवृत्त्या शेजारीशेजारी दिसतात, किंवा नुसत्या तिरक्या रेघा. काही मॉनिटर एवढ्यावर भागवतात. काहींचा होरिझाँटल आऊटपुट ट्रान्झिस्टर या ओढाताणीत जातो. होल्डच्या प्रीसेटची धाव काही शे हर्ट्झची असते; पंधरा हजारांची तूट ते भरून काढणार नाही. बैलगाडीचा कासरा कितीही ओढला तरी ती लोकल गाठत नाही.

आमच्या भागात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका होते. "काका, टीव्ही फिरतोय हो," असं म्हणत गिऱ्हाईक आलं, की मागचं झाकण उघडण्याआधी ते विचारायचे, "दुसरीकडनं सिग्नल देऊन पाहिलात का? व्हीसीआर लावून बघा, मग सांगा." या एका प्रश्नात सिंकच्या दुरुस्तीचं सगळं शास्त्र आहे. ट्यूबचा मॉनिटर स्वतःहून काही ठरवत नाही, तो मिळालेल्या तालावर चालतो. तेव्हा आधी ताल देणारा तपासा. मूळ गेम बोर्ड लावून चित्र ठाम राहत असेल, तर मॉनिटर निर्दोष आहे आणि त्याचा एकही स्क्रू फिरवायची गरज नाही. मूळ बोर्डावरही चित्र फिरत असेल, तर मॉनिटरमधले कपॅसिटर सुकले असतील. तेव्हा खुशाल झाकण उघडा, अर्थात पंचवीस हजार व्होल्टशी कसं वागायचं हे ठाऊक असेल तर. हा साधा क्रम न पाळता जो थेट स्क्रूला हात घालतो, तो रोग्याला न विचारता शेजाऱ्याचं औषध पाजणारा वैद्य आहे.

मॉनिटर निमूटपणे बिघडत नाही, काय चुकलंय ते सांगत असतो, याकडेही कुणी लक्ष देत नाही. चित्र आडवं फाटलं, तिरकं झालं, तर ओळींचा वेग चुकीचा आहे. चित्र उभं सरकत राहिलं, तर 'वर जा' हा इशारा पोचत नाही किंवा मॉनिटरच्या टप्प्याबाहेर येतो आहे. वरच्या काही ओळीच झेंड्यासारख्या वाकल्या आणि बाकी चित्र सरळ राहिलं, तर दोन इशारे एकत्र करताना गडबड झाली आहे. चित्र स्थिर पण अंधारलेलं असेल, तर सिंकला दोष देऊ नका: संगणक रंगाचा सिग्नल ०.७ व्होल्टपर्यंतच देतो, आर्केड मॉनिटरला त्याच्या कितीतरी पट लागतो. मधे एक छोटा ॲम्प्लिफायर हवा.

यातली झेंड्याची तक्रार सर्वांत जास्त दिसते आणि तिचा उलगडा सर्वांत कमी होतो. संगणक दोन्ही इशारे वेगवेगळ्या वायरींवर पाठवतो. आर्केडमध्ये १९८५ साली जपानी उत्पादकांच्या संघटनेनं जाम्मा हे मानक आणलं. त्यातल्या ५६ पिनांच्या कनेक्टरवर सिंकसाठी एकच पिन आहे. म्हणजे दोन इशारे एकात मिसळावे लागतात. लोक दोन वायरी पिळून एकत्र करतात. त्यामुळे कार्डाचे दोन आऊटपुट एकमेकांशी झगडतात. शिवाय 'वर जा' हा लांब इशारा चालू असताना ओळींचे इशारे त्याखाली गाडले जातात. तेवढ्या वेळात मॉनिटरचा ताल सुटतो, आणि नव्या पानाच्या पहिल्या काही ओळी तो पुन्हा सापडेपर्यंत वाकड्या येतात. चहाच्या किमतीत मिळणारी एक एक्सॉर गेटची चिप, ७४एलएस८६, मधे बसवली, की लांब इशाऱ्यातही ओळींचे ठोके उलटे का होईना, पण चालू राहतात आणि झेंडा सरळ होतो. हे ज्ञान गुप्त नाही. तरीही वाकडी ओळ दिसली, की लोक म्हणतात, "जुना झालाय, असंच दिसायचं."

असंच दिसायचं नव्हतं. आणि आता खऱ्या मुद्द्याकडे येतो.

समजा ओळींचा वेग जुळला, इशारे नीट मिसळले, चित्र स्थिर झालं. आता सेकंदाला किती पानं? इथं प्रत्येकाचं उत्तर एकच: साठ. संगणकाच्या सेटिंगमध्ये साठ, एलसीडीच्या खोक्यावर साठ, सल्ले देणाऱ्यांच्या तोंडी साठ. पण आर्केड गेमना साठ हा आकडा कुणी बांधून दिलेला नव्हता. १९८० चा पॅक-मॅन घ्या. त्याचं पिक्सेल घड्याळ ६.१४४ मेगाहर्ट्झ, एका ओळीत सगळे मिळून ३८४ ठोके, एका पानात २६४ ओळी. भागाकार करा: सेकंदाला ६०.६०६ पानं. 'स्ट्रीट फायटर टू'चं घड्याळ ८ मेगाहर्ट्झ, ओळीत ५१२ ठोके, पानात २६२ ओळी: ५९.६३७. त्याच घड्याळावरच्या आणि तेवढ्याच लांबीच्या ओळींच्या 'आर-टाइप'मध्ये पानात २८४ ओळी आहेत, म्हणून ५५.०१८. आणि १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये ओळीत ५०६ ठोके, पानात २८९ ओळी: ५४.७०७.

इथं क्षणभर थांबून एक आकडा बघा. आठ मेगाहर्ट्झ भागिले ५१२ म्हणजे १५,६२५. 'स्ट्रीट फायटर टू' आणि 'आर-टाइप' यांच्या ओळींचा वेग नेमका हाच आहे. आणि ६२५ ओळी गुणिले सेकंदाला २५ चित्रं हेही १५,६२५. हा पाल पद्धतीचा आकडा, म्हणजे आपल्या दूरदर्शनचा. १९८२ नंतर रंगीत टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक मराठी घरात सेकंदाला इतक्याच ओळी ओढल्या जात होत्या. लहानपणी दुसऱ्या खोलीतूनही टीव्ही चालू असल्याची बारीक शीळ ऐकू यायची, ती याच आकड्याची. वय वाढलं की कान ती ऐकेनासे होतात. आपल्याला हा आकडा परका वाटावा, हे नवल आहे.

आता 'मॉर्टल कॉम्बॅट' ५४.७ वर का? कारण साधं गणित आहे. मॉनिटरच्या ओळींचा वेग जवळपास ठरलेला. पान उंच हवं तर ओळी जास्त लागणार, आणि ओळी जास्त म्हणजे सेकंदाला पानं कमी. 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये २२४ ओळी दिसतात, 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये २५४. खऱ्या नटांची चित्रं घेऊन केलेल्या त्या खेळाला उंच पान मिळालं, आणि त्याची किंमत वेगात मोजली गेली. ५४.७ हा कुणाचा आळस नाही, देवाणघेवाण आहे. कवीनं ओळ लांब केली की श्वास बदलतो, तसं.

आता या खेळाला साठवर चढवून बघा. १५,८१० ओळी भागिले ६० म्हणजे पानाला २६३ ओळी. त्यातल्या २५४ दाखवायच्या. उरल्या नऊ. झोताला खालून वर परतायला एवढा अवकाश पुरत नाही. मग चित्र वरून कापलं जातं, किंवा वरच्या ओळी दुमडतात, किंवा संगणक मुकाट्यानं चित्र दाबून बसवतो. लोक याला 'सिंकचा प्रॉब्लेम' म्हणतात आणि उंचीचा प्रीसेट पिळतात. प्रॉब्लेम सिंकचा नाही, साठच्या हट्टाचा आहे. संगणकाला ५४.७०७ सांगा, २८९ ओळी द्या, चित्र कॅबिनेटमध्ये असायचं तसं बसतं, स्क्रूला हात न लावता.

एलसीडीवर हीच बळजबरी सभ्यपणे होते, म्हणून अधिक घातक आहे. ५४.७ चा खेळ साठच्या पडद्यावर दाखवायला दोनच वाटा. एक, सेकंदाला पाचेक पानं दोनदा दाखवायची. मग सरकणारी प्रत्येक गोष्ट अडखळते, आणि अडखळण लपवायला पानं राखीव ठेवली की बटण दाबणं आणि ठोसा लागणं यांत अंतर पडतं. दुसरी, खेळच पळवायचा. साडेनऊ टक्क्यांहून अधिक वेगानं. आवाजही सोबत पळाला, तर काळी एकमधलं संगीत पांढरी दोन ओलांडून काळी दोनकडे झुकतं. एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रिका इतकी पळवून कुणी म्हणालं, 'आवाज येतोय ना? मग झालं तर,' तर आपल्याकडचे कानसेन त्याला मैफिलीत पुन्हा बसू देणार नाहीत. खेळाच्या बाबतीत मात्र हे चालतं, कारण खेळाला काळ असतो हेच आपण मान्य केलेलं नाही.

हे एकदा होऊन गेलेलं आहे. मूकपटांच्या जमान्यात कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या आसपास. बोलपट आले, वेग चोविसावर स्थिरावला, आणि जुन्या फिती त्याच यंत्रांवर चोविसानं पळवल्या गेल्या. कित्येक पिढ्यांची समजूत झाली, की त्या काळचे नट टुणटुण उड्या मारत चालायचे. चित्र दिसत होतंच की! फाळक्यांच्या काळातल्या माणसांची चाल आपण प्रोजेक्टरच्या सोयीसाठी विदूषकी करून टाकली. काळ बदलला की कृती बदलते, हा धडा तिथंच मिळाला होता.

म्हणून मला तो हट्टी मॉनिटर प्रामाणिक वाटतो. चुकीचा काळ दिला की तो चित्र फाडून दाखवतो. एलसीडीला काहीही द्या, ती हसतमुखानं ताणून, कापून, पुन्हापुन्हा दाखवून साजरं करते आणि काय केलं ते सांगत नाही.

माझ्याविरुद्ध तीन आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला: ट्यूब आता बनत नाहीत, मग हा खटाटोप किती दिवस? खरं आहे. २००५ साली आपल्याकडच्या व्हिडिओकॉननं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तेव्हा जग सपाट पडद्यांकडे निघालेलं होतं. आज तो धंदा जवळजवळ इतिहासजमा आहे. पण वस्तू संपत चालली म्हणून ती घाईनं जाळायची नसते. उलट प्रत्येक गेलेला ट्रान्झिस्टर आता महाग आहे. म्हणूनच संगणक सुरू होताना कंपनीचा लोगो ३१ किलोहर्ट्झवर दाखवतो, तेवढे काही सेकंदसुद्धा तो सिग्नल मॉनिटरपर्यंत पोचू न देणारं सर्किट मधे हवं, हे मी कुणालाही आवर्जून सांगतो.

दुसरा आक्षेप: संगणकाला हे जमतच नाही. अर्धसत्य. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी वगैरेंनी ॲनालॉग व्हीजीए हळूहळू बंद करण्याचं जाहीर केलं आणि नव्या ग्राफिक कार्डांतून ते गेलंही. एचडीएमआयला सेकंदाला अडीच कोटींहून कमी ठोक्यांत बोलता येत नाही; ऐंशी लाखांचा 'स्ट्रीट फायटर' त्याला फार सावकाश वाटतो. पण जुनी रेडिऑन कार्डं आहेत, त्यांच्यासाठी सीआरटी इम्यूड्रायव्हर आहे, ग्रूव्हीमेम आहे, जो प्रत्येक खेळाचा स्वतःचा वेग काढून कार्डाला तसं बोलायला लावतो. वेग फारच कमी पडला, तर ओळीची रुंदी २,५६० पिक्सेल करून तोच ठिपका अनेकदा पाठवायची युक्ती आहे. मॉनिटरमध्ये बदल करायला सोल्डरिंग आयर्न लागतं, संगणकात बदल करायला एक ओळ लिहावी लागते. ज्याला वाकणं सोपं, त्यानं वाकावं.

तिसरा आक्षेप सर्वांत चांगला आहे: २०१३ पासून असे सपाट पडदे मिळतात, जे खेळाच्या वेगानुसार आपला वेग बदलतात. ५४.७ दिलं तर ५४.७. मग ट्यूबचा हा गोतावळा कशाला? यावर माझं उत्तर: उत्तम, जरूर वापरा. मी काचेच्या ट्यूबची पूजा मांडलेली नाही. ट्यूबची चमक, ओळींमधली काळी रेघ, कडांचा मऊपणा यांवर लोक पानंच्या पानं लिहितात आणि नकली रेघा पाडणारे शेडर बनवतात. तो पडदा साठवरच अडकलेला असेल, तर ही मेकअपची पेटी आहे. रेघा हुबेहूब आणि काळ खोटा, यापेक्षा रेघा नसलेला पण काळ खरा असलेला सपाट पडदा मी कधीही पत्करीन. पण वेगानुसार बदलणाऱ्या पडद्यालाही आकडा कुणीतरी सांगावाच लागतो. तो आकडा चुकीचा लिहिलेला असेल, तर महागडा पडदाही चुकीचंच दाखवणार.

आणि आकडे सहज सापडत नाहीत. मेम हा प्रकल्प १९९७ पासून हे खेळ संगणकावर जिवंत ठेवतो आहे. त्यात कित्येक खेळांपुढे सुरुवातीला ठोकळपणे ६० लिहिलं जायचं. नंतर मूळ बोर्ड ज्यांच्याकडे होते त्यांनी ते ऑसिलोस्कोपला लावून मोजले आणि एकेक आकडा दुरुस्त केला. पगार नाही, प्रसिद्धी नाही. बोर्ड मेल्यावर हे मोजमाप कुठून आणणार? रॉमची नक्कल हजारदा करता येते. क्रिस्टलचे ठोके रॉममध्ये नसतात, ते बोर्डावर असतात.

म्हणून माझी मागणी ट्यूब वाचवा अशी भावुक नाही. ती कोरडी आहे. जो कुणी जुना खेळ जपल्याचं सांगतो, त्यानं खेळासोबत पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: पिक्सेल घड्याळ, ओळीतले एकूण ठोके, पानातल्या एकूण ओळी, प्रत्यक्ष दिसणाऱ्या चित्राचा आकार, आणि सिंकची दिशा उलटी की सुलटी. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावेल एवढा मजकूर. तो नसेल, तर तुम्ही नाटकाची संहिता जपली आणि लय फेकून दिली. आणि दुरुस्तीला बसणाऱ्यानं दुसऱ्याची सेटिंगची फाइल डोळे मिटून डकवण्याआधी ती दोन भागाकारं स्वतः करावीत. चौथीतल्या मुलाला येतील एवढी ती सोपी आहेत.

चित्र दिसणं ही किमान अट आहे. ते कुठल्या काळात दिसतं, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पुढच्या वेळी पडद्यावरची आकृती फाटली, फिरली, वाकली, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. खोटं तिथून येतंय.